खालची कवळी हलते म्हणून आई जेवताना काढून ठेवतात: तिसरी करण्याआधी काय बघायचं

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देतोय ते बाकीच्यांनाही कळेल. तुमच्या आई ७१ वर्षांच्या, चोपडा तालुक्यात गावी असतात. तोंडात एकही दात नाही. वरची कवळी छान बसलीय, खालची पहिल्यापासून त्रास देते. पहिली टोचायची म्हणून दुसऱ्या दवाखान्यात नवीन केली. ती टोचत नाही, पण बोलताना उचलते आणि चावताना सरकते. आता आई लग्नाकार्यात फोटोपुरती कवळी घालतात आणि पंगत बसली की हळूच काढून रुमालात बांधतात. डॉक्टर म्हणतात सवय होईल, मेहुणे म्हणतात फ्लेक्झिबल, म्हणजे लवचीक प्लास्टिकची करा, पुण्यातला धाकटा भाऊ म्हणतो इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून मोकळे व्हा. आणि तुम्ही विचारताय, सगळ्यात चांगलं मटेरियल कोणतं?

मी जळगावात कृत्रिम दातांचंच काम करतो. हा प्रश्न जवळपास याच शब्दांत माझ्यासमोर नेहमी येतो. माझ्या मते तुमची अडचण मटेरियलची नाहीच. कवळी कशाची केली यापेक्षा तिच्या कडा कुठपर्यंत नेल्या, दात कुठे लावले आणि दोन जबड्यांमध्ये उंची किती ठेवली, यावर आईंचं सुख अवलंबून आहे. हे तपासल्याशिवाय तिसरी केलीत तर तीही रुमालातच जाईल अशी मला भीती वाटते.

अर्थात हे तोंड न बघता लिहितोय. खालच्या जबड्याचं हाड किती उरलंय, दात काढून किती वर्षं झाली, लाळ कशी आहे, शुगर आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, यातलं काहीच तुमच्या प्रश्नात नाही, आणि यातली एखादी गोष्ट सगळं उत्तर फिरवू शकते. म्हणून 'हे करा, ते करा' म्हणण्याऐवजी कारण कसं शोधायचं ते सांगतो.

आधी हे बघू की त्याच तोंडात वरची बसते आणि खालची का बसत नाही. वरच्या कवळीला टेकायला टाळूसकट साधारण २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. खालचीला जेमतेम १२. वरची टाळूला लाळेच्या पातळ थराने चिकटून राहते आणि कडेने ओठ-गाल तिला हवाबंद करतात. खालचीच्या मधोमध जीभ आहे. ती एक क्षण स्वस्थ बसत नाही. गिळताना तोंडाचा तळ वर येतो, बोलताना ओठ आत दाबतो. त्यामुळे 'वरचीसारखी चिकटली पाहिजे' ही अपेक्षा खालच्या कवळीकडून कोणीच ठेवू नये, ना पेशंटने, ना डॉक्टरने. खालची कवळी चिकटत नसते, ती टेकून आणि सावरून राहते.

टेकायला जागा कमी म्हटल्यावर आहे ती सगळी वापरायला हवी, आणि नेमकी इथेच गडबड होते. पहिली कवळी टोचली की प्रत्येक फेरीला तिची कड थोडी थोडी घासली जाते. दुसरी करणारा डॉक्टर आधीची तक्रार ऐकून मुळातच आखूड कवळी करतो. पेशंटलाही लहान, हलकी कवळी हातात घेतल्यावर बरं वाटतं. पण लहान कवळी म्हणजे सुखाची कवळी हा समज चुकीचा आहे. काळ्या रानात पावसाळ्यात चालताना पायाखाली रुंद फळी टाकली की पाय रुतत नाही, तसं हे आहे. चावण्याचा तोच जोर अरुंद पट्टीवर आला की हिरडी दुखते, रुंद जागेवर पसरला की दुखत नाही. 'पहिली टोचत होती, दुसरी टोचत नाही पण उचलते' हे तुमचं वाक्य वाचून मला पहिली शंका आली ती आखूड कडांची.

खालच्या जबड्यात तीन जागा आहेत ज्या कवळीने सोडता कामा नयेत. अक्कलदाढेच्या मागे हिरडीचा एक मऊ, फुगीर उंचवटा असतो. कवळीचं टोक त्याच्यावर चढायला हवं. दुसरी जागा दाढांच्या बाहेर, गालाच्या बाजूला. तिथे हाडाचा एक सपाट कट्टा असतो. हे हाड टणक, लवकर न झिजणारं आणि चावण्याच्या जोराला बरोबर आडवं, त्यामुळे खालच्या कवळीचा खरा भार त्यानेच उचलायचा असतो. तिसरी जागा जिभेखालची. कवळीची आतली कड तिथे पुरेशी खोल गेली तर जीभ कवळीला दाबून धरते, आखूड राहिली तर जिभेचं टोक कडेखाली शिरतं आणि कवळी उचकटतं. या कडा अंदाजाने ठरत नाहीत. पहिल्या मापावरून खास त्या पेशंटसाठी ट्रे, म्हणजे माप घ्यायचा साचा बनवायचा, त्याच्या काठांना ग्रीन स्टिकची, म्हणजे गरम केल्यावर मऊ होणाऱ्या मापाच्या पदार्थाची कांडी गरम करून लावायची, पेशंटला जीभ बाहेर काढायला, ओठ चाटायला, गिळायला लावायचं आणि कड आपोआप घडू द्यायची. मग शेवटचं पातळ माप. आईंच्या दोन्ही कवळ्यांच्या वेळी हे झालं होतं का, की बाजारी ट्रेमध्ये एकदाच माप घेऊन लॅबला पाठवलं, हे त्यांनाच विचारा. 'किती वेळा माप घेतलं? जीभ हलवायला सांगितली होती का?' एवढं विचारलं तरी पुरे.

घरी काही गोष्टी तुम्ही स्वतः बघू शकता. आईंना उजेडात बसवा, हात स्वच्छ धुवा. कवळी घालून तोंड अर्धवट उघडायला सांगा, जीभ सैल, तिचं टोक खालच्या पुढच्या दातांना टेकलेलं. अशा स्वस्थ अवस्थेतही कवळी वर येत असेल तर कुठली तरी कड जास्त लांब आहे किंवा दात जिभेच्या जागेत घुसलेत. स्वस्थ असताना राहते आणि फक्त बोलता-चावताना उचलते, तर कडा आखूड असण्याची किंवा बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची जुळणी, चुकल्याची शक्यता जास्त. मग उजव्या बाजूच्या दाढांवर बोटाने दाबा. डावी बाजू उचलली तर उजवीकडचे दात हिरडीच्या कण्यापेक्षा, म्हणजे तिच्या मधल्या उंचवट्यापेक्षा, फार बाहेर लावलेत. उलट बाजूनेही बघा. शेवटी आईंना अगदी सावकाश तोंड मिटायला सांगा आणि जिथे दात पहिल्यांदा भिडतील तिथे थांबायला सांगा. त्यानंतर पूर्ण मिटताना खालची कवळी पुढे किंवा बाजूला घसरली, तर माप कितीही उत्तम असलं तरी ती जेवताना सरकणारच, कारण प्रत्येक घासाला वरचे दात तिला ढकलत असतात. बरेचदा 'सैल' म्हणून आलेली कवळी सैल नसते, तिची बाइट चुकलेली असते. हा दोष दुरुस्त होण्यासारखा असतो, नवीन करावीच लागते असं नाही.

दातांच्या जागेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. विल्फ्रेड फिश नावाच्या ब्रिटिश दंततज्ज्ञाने १९३०च्या दशकात ठासून सांगितलं होतं की कवळीला तीन पृष्ठभाग असतात: हिरडीवर टेकणारा, चावणारा, आणि गाल-जिभेकडे तोंड असलेला. आपण पहिल्याचीच काळजी करतो. पण तिसरा, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत भाग, फुगीर ठेवला तर गाल आणि जीभ कवळीला बाहेर फेकतात. तो किंचित खोलगट ठेवला तर तेच स्नायू तिला दाबून धरतात. ज्यांचं हाड फार झिजलंय त्यांच्यात तर मी दात लावण्याआधी मऊ पदार्थाची पट्टी तोंडात ठेवून पेशंटला बोलायला, पाणी गिळायला लावतो. जिभेचा बाहेरचा रेटा आणि गालाचा आतला रेटा जिथे बरोबरीत सुटतो तिथे ती पट्टी आपोआप जाऊन बसते. दात तिथेच लावायचे. दात पडून बरीच वर्षं झाली असतील तर जीभ पसरलेली असते, मग दाढा थोड्या अरुंद घ्याव्या लागतात, कधी शेवटची दाढ गाळावी लागते. 'एक दाढ कमी का दिली' म्हणून नातेवाईक भांडायला येतात. भांडोत. खालच्या जबड्याचं हाड मागे जिथे वर चढायला लागतं तिथे दाढ लावली की कवळी पुढे घसरतेच.

आता उंची. कवळी घालून माणूस स्वस्थ बसला असेल तेव्हा वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर फट राहायला हवी. फट उरली नाही तर स्नायूंना विश्रांती नाही. हिरडी दिवसभर दुखते, संध्याकाळी कानशिलं जड होतात आणि बोलताना दात खटखट वाजतात. उंची कमी पडली तर हनुवटी नाकाजवळ येते, ओठांचे कोपरे कायम ओले राहून चिरतात. मी ट्रायलच्या दिवशी, म्हणजे दात अजून मेणात असताना, पेशंटला एकसष्टपासून अडुसष्टपर्यंत मोजायला लावतो. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... या आकड्यांत 'स' आणि 'ष्ट' लागोपाठ येतात. दात एकमेकांवर आपटले तर उंची जास्त, शिट्टी वाजली तर पुढच्या दातांची जागा किंवा टाळूमागची जाडी बघायची. तुम्ही घरी आत्ताच्या कवळीवर हीच मोजणी करून बघा.

उंची वाढते त्यात घरच्यांचाही हात असतो, हे स्पष्टच सांगतो. ट्रायलला लेकी-सुना येतात आणि म्हणतात, गाल भरू द्या, सुरकुत्या जाऊ द्या, दात मोठे आणि पांढरेशुभ्र दिसू द्या. डॉक्टरला नाही म्हणायचा कंटाळा असतो. दोन मिलिमीटर चेहऱ्यासाठी वाढवले की ते दुखणं आई भोगते. ट्रायलला जाल तेव्हा आरशात बघण्याआधी आईंना बोलू द्या.

जेवणाचं बोलू, कारण तुमच्या आईंची खरी हार तिथे झालीय. कवळी दिल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येताना मी डब्यात घरची भाकरी आणायला सांगतो. केळं नको, बिस्किट नको, रोज खाता तेच आणा. पारोळ्याकडच्या एक आजी कळण्याची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा घेऊन आल्या. त्यांनी सवयीने तुकडा पुढच्या दातांनी तोडायला घेतला आणि वरची कवळी मागून सुटली. मग घास उजव्या बाजूला ठेवून चावायला लागल्या. दर वेळी डावी कड केसभर उचलायची. चौथ्या-पाचव्या घासाला त्यांनी हात वर करून थांबवलं. खालची कवळी काढली तर आत ठेच्यातली मिरचीची एक बी, आणि तिच्या खाली हिरडीवर लाल ठिपका. त्या अहिराणीत म्हणाल्या, "दात शेतस, पन चावता येत नही." त्यांच्या कवळीला माप नवं लागलं नाही. उजवीकडची बाइट जास्त भिडत होती, तेवढी जुळवली. आणि घास हाताने लहान तोडून दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा ठेवायला शिकवलं. बी जाणं शून्यावर आलं नाही, पण पंगतीत उठायची वेळ येत नाही.

सगळ्यात उत्तम कवळीनेही नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच जोर मिळतो. हे आधी कोणी सांगत नाही आणि नंतर पेशंटला वाटतं आपल्यालाच जमत नाही. म्हणून सुरुवातीला भात-वरण, भरीत, मऊ केळं. मग दूध किंवा डाळीत कुस्करलेली भाकरी. मग ताजी भाकरी लहान तुकड्यांनी. शेवभाजीतली शेव रश्श्यात मुरल्यावर. भाजलेले शेंगदाणे सर्वांत शेवटी, आणि मी तर म्हणेन कुटूनच खा. कणीस पुढच्या दातांनी ओरपणं विसरायचं. चव गेल्याची तक्रारही खरी आहे. जीभ उघडीच असते, चव तिला कळतेच, पण टाळू झाकल्यामुळे घासाचा पोत आणि ऊन-गार कळणं कमी होतं. म्हणूनच कवळीवाल्यांचा गरम चहाने घसा पोळतो, टाळूने आधी इशारा दिलेला नसतो.

'सवय होईल' या सल्ल्यावर मी अर्धा सहमत आहे. खालची कवळी जिभेने सावरायला शिकावं लागतं, आणि चावण्याची नवी घडी बसायला सहा ते आठ आठवडे सहज जातात. जीभ मागे ओढून ठेवायची सवय असेल तर कवळीचा आधारच जातो, ती पुढच्या दातांना टेकवून ठेवायला शिकवावं लागतं. जास्त लाळ सुटणं, तोंड भरल्यासारखं वाटणं, काही शब्द अडखळणं, हे सवयीने जातं. पण रोज एकाच जागी दुखणं सवयीने जात नाही. मिटताना घसरणं जात नाही. दातांची खटखट जात नाही. आईंची तक्रार यातली कोणती आहे हे आधी ठरवा, मग थांबायचं की परत जायचं ते आपोआप ठरेल. दाखवायला जाताना मात्र आदल्या दिवसापासून कवळी घातलेली असू द्या. चार दिवस काढून ठेवून गेलात तर हिरडीवरची खूण पुसलेली असते आणि डॉक्टरला अंदाजाने घासावं लागतं. घरी कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका, कितीही मोह झाला तरी.

आता ज्या गोष्टी कोणाच्याच हातात नाहीत त्या. दात गेले की हाड झिजतं, पहिल्या वर्षी सर्वात जास्त, नंतर हळूहळू आयुष्यभर. अँट्ये टालग्रेन यांनी कवळीवाल्यांचा २५ वर्षं पाठपुरावा करून १९७२ मध्ये दाखवलं की खालचा जबडा वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतो. म्हणजे आज बरोबर बसलेली खालची कवळी काही वर्षांनी सैल होणं हा बनवणाऱ्याचा दोष नाही. तेव्हा आतून नवा थर देऊन, म्हणजे रिलाइन करून, काम भागतं. पण दात आणि बाइट मुळात बरोबर असतील तरच. चुकीच्या बाइटवर रिलाइन म्हणजे पैसे वाया.

लाळेचं तसंच. रक्तदाबाच्या काही गोळ्या, झोपेच्या आणि मनाच्या आजाराच्या काही गोळ्या, आटोक्यात नसलेली शुगर, यांनी तोंड कोरडं पडतं. त्यात आपल्याकडचा एप्रिल-मे. पारा ४४-४५ वर गेला की माझ्याकडे 'कवळी अचानक घासायला लागली' म्हणणारे वाढतात. कवळी तीच असते, लाळेचा थर गेलेला असतो. घोट घोट पाणी जवळ ठेवा, गोळ्यांबद्दल फॅमिली डॉक्टरशी बोला, स्वतःहून बंद करू नका. आणि आई मिशरी लावत असतील किंवा तंबाखू ठेवत असतील तर तेही लपवू नका. कवळीच्या कडेशी झालेली जखम कड घासल्यावर दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, तर कवळीला दोष देत बसू नका. आधी ती जखमेची जागा तपासून घ्या, गरज पडली तर तिथला लहान तुकडा तपासणीला काढून. आपल्या भागात यात हयगय परवडत नाही.

मेहुण्यांच्या फ्लेक्झिबलबद्दल थोडक्यात. तो नायलॉनच्या जातीचा प्लास्टिक असतो. दोन-चार दात गेलेत, तारेचा हुक दिसायला नको, अशा अर्धवट कवळीत मी तो वापरतो. पूर्ण खालच्या कवळीत त्याचा फायदा मला दिसत नाही: लवचीक पायावर जोर सारखा पसरत नाही, कड घासून गुळगुळीत करणं कठीण आणि रिलाइन नीट चिकटत नाही. साधं गुलाबी अॅक्रिलिक १९३०च्या दशकात आलं आणि अजून टिकून आहे ते उगीच नाही. ते जोडता येतं, घासता येतं, वाढवता येतं. 'इम्पोर्टेड' दात कमी झिजतात, दिसतात चांगले, पण त्यांनी कवळी घट्ट होत नाही. हिरडी फार पातळ आणि हाड धारदार असेल तर आतून मऊ अस्तर देता येतं. त्याने आराम पडतो, पण ते वरचेवर बदलावं लागतं आणि बुरशी लवकर धरतं. महागडी, लांबलचक पद्धत म्हणजे जास्त समाधान असंही नाही. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी पारंपरिक आणि सोपी अशा दोन पद्धतींनी केलेल्या कवळ्या तपासल्या. २००५ मध्ये त्यांनी छापलं की वापरणाऱ्यांच्या समाधानात फरक पडला नाही. मी यातून 'पायऱ्या गाळा' असा अर्थ काढत नाही. पण बिलाच्या आकड्यावरून सुखाचा अंदाज बांधू नका, एवढा नक्की काढतो.

तुमच्या धाकट्या भावाचं म्हणणं मात्र गंभीरपणे घेण्यासारखं आहे. २००२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने म्हटलं की दात नसलेल्या खालच्या जबड्याला दोन इम्प्लांटवर टेकलेली कवळी हा पहिला पर्याय असायला हवा. सुळ्यांच्या जागी दोन स्क्रू, त्यावर बटणासारखी पकड, कवळी टिचकन बसते आणि रोज काढून धुता येते. पुढच्या भागात हाड बहुधा उरलेलं असतं, त्यामुळे झिजलेल्या जबड्यातही हे जमतं. ७१ वय आड येत नाही. आड येते ती बेफाम शुगर, तंबाखू, आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली काही औषधं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही आधी सांगायचं. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. दोन इम्प्लांटवरची कवळी मागच्या बाजूला हिरडीवरच टेकते, म्हणजे कडा, दातांची जागा आणि बाइट तेवढीच नीट लागते. वाईट कवळीखाली इम्प्लांट घातले तर वाईट कवळी फक्त जागेवर राहते. आणि पकडीतल्या लहान रिंगा झिजतात, त्या बदलायला यावं लागतं. गावाहून आईंना कोण आणणार, हे ठरवूनच हो म्हणा.

मी तुमच्या जागी असतो तर क्रम असा लावला असता. आधी आत्ताच्या खालच्या कवळीची बाइट आणि कडा तपासून घेणं. दोष कडांचाच असेल तर त्या वाढवून रिलाइन होतं का बघणं. दात चुकीच्या जागी असतील तर नवीन, आणि शक्यतो वरची-खालची जोडीने, कारण जुन्या वरचीच्या बाइटला खालची जुळवताना चूक पुढे सरकते. हे सगळं बरोबर होऊनही आई जेवू शकल्या नाहीत, किंवा हाड फारच कमी निघालं, तर इम्प्लांट. शुगर आटोक्यात असेल आणि खर्चाची अडचण नसेल तर थेट इम्प्लांटपासून सुरुवात करणाऱ्यालाही मी चूक म्हणणार नाही. अडचण असेल तर धुळ्याच्या दंत महाविद्यालयात खर्च कमी येतो, फेऱ्या मात्र जास्त होतात. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासून केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्या साधनांच्या यादीत चष्मा, काठी, श्रवणयंत्राबरोबर कवळीही आहे. पण कवळी मिळाल्यावर घासायला-जुळवायला कोणाकडे जायचं हे तिथेच विचारून ठेवा.

एक गोष्ट आईंना एकट्यात विचारा, तुमच्यासमोर कदाचित त्या 'ठीक आहे' म्हणतील. बहिणीला किंवा सुनेला विचारू द्या. 'कवळी बसते का' असं नको. ऑस्ट्रेलियात तयार झालेली आणि १९९७ मध्ये १४ प्रश्नांवर आणलेली एक प्रश्नावली आम्ही वापरतो. तिच्यात बसते-हलतेचा प्रश्नच नाही. जेवण मधेच थांबवावं लागतं का, दातांमुळे संकोच वाटतो का, शब्द उच्चारायला त्रास होतो का, चव कमी झाली का, चिडचिड होते का, असं विचारतात. उत्तरातून कळेल की आईंना भाकरी हवीय, की चारचौघांत मोकळं बोलायला हवंय, की दोन्ही. भाकरी हवी असेल तर बाइट आणि दाढांची जागा आधी. बोलणं हवं असेल तर पुढचे दात, जिभेची जागा आणि उंची आधी. डॉक्टरला पहिल्याच भेटीत हे सांगा, त्याचं काम सोपं होईल.

तोपर्यंत आत्ताची कवळी रात्री काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवा, हिरडी रात्रभर मोकळी राहू द्या. धुताना मऊ ब्रश आणि साधा साबण, उकळतं पाणी नको, वाकडी होते. बेसिनखाली शहाबादी फरशी असेल तर खाली पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून धुवा. चिकटवायची पावडर लग्नकार्यापुरती चालेल, रोज लागत असेल तर ते दुखणं झाकणं झालं. रुमालात कोरडी बांधायची तर बांधू नका, ओल्या कापडात डबीत ठेवा.

आणि तपासणीला जाताना पहिली, टोचणारी कवळी टाकली नसेल तर तीही बरोबर न्या, वरचीसकट. त्या खालच्या दोन कवळ्या शेजारी ठेवल्या की पहिलीची कड कुठे जास्त होती आणि दुसरीची कुठे तोडली, हे डॉक्टरला पाच मिनिटांत दिसेल. गोळ्यांचं पाकीट आणि शुगरचा रिपोर्टही बरोबर असू द्या.